‘हरित’ नावाची पदवी, की साधं रसायनशास्त्र?

प्रश्न: मी रसायनशास्त्र घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका व्याख्यानात हरित रसायनशास्त्राबद्दल, म्हणजे कमी कचरा आणि कमी धोका ठेवून रसायनं बनवण्याबद्दल ऐकलं आणि तेव्हापासून डोक्यात तेच आहे. दोन ऑनलाइन कोर्स केले, प्रमाणपत्रं मिळाली, बारा तत्त्वं पाठ झाली. त्यापुढे काय शिकायचं ते कळत नाही. आमच्या विभागात या विषयावर काम करणारं कुणी नाही. पुढे ‘हरित’ किंवा ‘शाश्वत’ असं नाव असलेला मास्टर्स करावा, की सरळ ऑरगॅनिक घ्यावं? एक सीनियर म्हणतो, हे सगळं मार्केटिंग आहे, कंपन्या सिंथेसिस (रेणू बनवणं) येतं का तेवढंच बघतात. घरचे म्हणतात, पर्यावरणाची आवड आहे ना, मग पर्यावरणशास्त्रच घे. मी नेमकं काय शिकू आणि कुठे?
— गोंधळलेली विद्यार्थिनी

उत्तर: तुझ्या सीनियरचं निम्मं म्हणणं खरं आहे. सिंथेसिस येत नसेल तर हरित रसायनशास्त्रही येणार नाही. उरलेलं निम्मं मात्र त्याने ऐकीव माहितीवर ठोकून दिलंय. सर्ट्रालीन या नैराश्यावरच्या औषधाची पद्धत फायझरने बदलली, तेव्हा डायक्लोरोमिथेन, टेट्राहायड्रोफ्युरान, टोल्यूइन आणि हेक्झेन अशा चार द्रावकांच्या जागी एकटं इथेनॉल आलं. त्या कामाला २००२ साली अमेरिकेतला ‘प्रेसिडेन्शियल ग्रीन केमिस्ट्री चॅलेंज’ पुरस्कार मिळाला. मर्कच्या सिटाग्लिप्टिन या मधुमेहाच्या औषधाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. त्याच्या नव्या पद्धतीला २००६ साली हाच पुरस्कार मिळाला, आणि चारच वर्षांत मर्कने कोडेक्सिसच्या साथीने तीही मागे टाकली. रोडियमचं उत्प्रेरक आणि दाबाखालचा हायड्रोजन काढून तिथे मुद्दाम घडवलेलं एन्झाइम बसवलं. २०१० साली पुन्हा पुरस्कार. हे सगळं करणारी माणसं सिंथेसिसवालीच होती. तेव्हा सीनियरला सांग की सिंथेसिस तर शिकायचंच आहे, प्रश्न आहे तो त्याच्या जोडीला काय शिकायचं याचा.

घरच्यांचा सल्ला मनापासूनचा आहे, पण गल्लत होतेय. पर्यावरणरसायनाचा मुख्य भर हवेत, पाण्यात, मातीत पोचलेल्या पदार्थाचं पुढे काय होतं यावर असतो. तुला ज्याची ओढ लागलीय तो विषय त्याच्या कितीतरी आधी, कागदावर मार्ग आखला जातो तिथे सुरू होतो. भोपाळचं उदाहरण घे. १९८४ साली तिथे गळला तो मिथाइल आयसोसायनेट. कारखान्याला विकायचं होतं ते कार्बारिल नावाचं कीटकनाशक. आयसोसायनेट हा मधला टप्पा. आधी मिथाइल अमाइन आणि फॉस्जीन यांच्यापासून आयसोसायनेट करायचं, साठवायचं, मग त्याची १-नॅफ्थॉलशी अभिक्रिया घडवायची, असा तो मार्ग होता. आता हीच तीन द्रव्यं घे आणि क्रम बदल. आधी नॅफ्थॉल आणि फॉस्जीन एकत्र आण, क्लोरोफॉर्मेट मिळेल. मग त्यात मिथाइल अमाइन. कार्बारिल तेच, आणि आयसोसायनेट वाटेत कुठे येतच नाही. फॉस्जीन राहतो, त्यामुळे हा मार्ग काही सोवळा नाही. पण टाकीत काय साठवावं लागेल हे अभिक्रियांच्या क्रमाने ठरतं, आणि तो क्रम रसायनशास्त्रज्ञ ठरवतो. हे काम आवडणार असेल तर रसायनशास्त्र सोडू नकोस.

आता मास्टर्सचं. पदवीच्या नावाला मी फारसं महत्त्व देत नाही. अभ्यासक्रम हातात आला की एकच बघायचं: तो तुला हिशोब करायला लावतो का? बारा तत्त्वं पॉल अनास्टास आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ साली मांडली. ती सुरेख आहेत आणि तासाभरात वाचून होतात. त्यांवर चार बहुपर्यायी प्रश्न सोडवून मिळालेलं प्रमाणपत्र हे घोकंपट्टीचंच प्रमाणपत्र. तुझ्याकडे अशी दोन आहेत. तिसरं घेऊ नकोस.

हिशोब म्हणजे काय, ते तुझ्याच प्रयोगशाळेतल्या प्रयोगावर दाखवते. अ‍ॅस्पिरिन तू केलंच असशील. सॅलिसिलिक आम्लाचं रेणुभार १३८, अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइडचं १०२. मिळतं १८० चं अ‍ॅस्पिरिन आणि ६० चं अ‍ॅसिटिक आम्ल. म्हणजे २४० पैकी १८० कामाचं, अणू-काटकसर ७५ टक्के. ही कल्पना बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ साली मांडली. समजा तू २ ग्रॅम सॅलिसिलिक आम्ल घेतलंस आणि शेवटी २ ग्रॅम कोरडं अ‍ॅस्पिरिन मिळालं. सैद्धांतिक उत्पादन २.६ ग्रॅम, म्हणजे तुझं साधारण ७७ टक्के. दोन्ही आकडे प्रयोगवहीत छान दिसतात.

आता बाटलीकडे बघ. अ‍ॅनहायड्राइड ५ मिलिलिटर ओतलंस, म्हणजे ५.४ ग्रॅम. गरज होती दीड ग्रॅमची. पुनर्स्फटिकीकरणाला १० मिलिलिटर इथेनॉल, म्हणजे आणखी ८ ग्रॅम. आत गेलं १५.४ ग्रॅम, बाहेर आलं २ ग्रॅम. एक ग्रॅम अ‍ॅस्पिरिनमागे जवळजवळ ७ ग्रॅम कचरा. हाच रॉजर शेल्डन यांचा ई-फॅक्टर. अ‍ॅनहायड्राइड संपवायला आणि धुवायला वापरलेलं ५० मिलिलिटर पाणी मोजलंस तर आकडा ३० च्या पुढे जातो. शेल्डन यांनी १९९२ साली उद्योगांचे असेच आकडे मांडले. तेलशुद्धीकरणात किलोमागे ०.१ किलोहून कमी कचरा, मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या साध्या रसायनांत १ ते ५, सूक्ष्म रसायनांत ५ ते ५० आणि औषधांत २५ ते १००, कधी त्याहूनही जास्त. औषधवाल्यांचा आकडा एवढा का फुगतो, ते तुझ्या २ ग्रॅम अ‍ॅस्पिरिनने सांगितलंच आहे: जादा घेतलेला अभिकर्मक आणि द्रावक. समीकरणात यातलं काहीच दिसत नाही.

या वर्षी केलेल्या प्रत्येक प्रयोगाचा असा हिशोब कर. वहीच्या डाव्या पानावर. कुणाची परवानगी लागत नाही, आणि विभागात कुणी तज्ज्ञ नाही ही तक्रारही बरीचशी मिटते.

जोडीला शिकायचा दुसरा विषय विषशास्त्र. बहुतेक रसायनशास्त्राच्या पदव्यांत तो औषधालाही सापडत नाही, आणि माझ्या मते हीच या पदव्यांची सगळ्यात मोठी उणीव. आपण रेणू बनवायला शिकतो, तो शरीरात गेल्यावर काय करतो हे दुसऱ्या कुणीतरी बघायचं असं गृहीत धरतो. हेक्झेनचंच बघ. कॉलम चालवताना, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करताना, ते सर्रास वापरलं जातं. शरीरात त्याचं ऑक्सिडीकरण होऊन २,५-हेक्झेनडायोन बनतं. हे १,४-डायकार्बोनिल आहे, आणि मज्जातंतूंतल्या प्रथिनांवर लायसीनचे अमिनो गट असतात. डायकार्बोनिल आणि प्राथमिक अमाइन समोरासमोर आले की काय होतं? पाल-नॉर! तू परीक्षेत पायरोल बनवायला लिहितेस तीच अभिक्रिया तिथे घडते, आणि हातापायांच्या नसा निकामी होऊ लागतात. एक कार्बन जास्त असलेल्या हेप्टेनपासून असं डायकार्बोनिल फारच कमी बनतं. म्हणून द्रावकांच्या मार्गदर्शक तक्त्यांत ‘हेक्झेनऐवजी हेप्टेन’ असं लिहिलेलं असतं. तक्ता पाठ करणाऱ्याला ती नुसती सूचना वाटते. ज्याला कारण कळलंय तो तक्त्यात नसलेल्या द्रावकाबद्दलही अंदाज बांधू शकतो. तेव्हा विषशास्त्राचा एक तरी पूर्ण पेपर असलेला अभ्यासक्रम निवड. नसेल तर जीवशास्त्र किंवा औषधनिर्माणशास्त्र विभागात जाऊन तो पेपर बाहेरून कर.

तिसरा विषय जीवनचक्र मूल्यांकन: कच्चा माल खणण्यापासून वस्तू टाकून देईपर्यंतचा जमाखर्च. ‘ओपनएलसीए’ हे सॉफ्टवेअर मोफत आहे, चांगले डेटासंच मात्र बहुधा विकतचे असतात. सध्या एवढं पुरे की वनस्पतीपासून बनवलं म्हणजे चांगलंच, हा समज सोडायचा. खत, जमीन, वाळवायला लागणारी ऊर्जा हे सगळं त्या खात्यावर चढतं.

तत्त्वं पाठ करण्यातली खरी मेख अशी की ती एकमेकांशी भांडतात, आणि हे भांडण शिकवणारा शिक्षक विरळा. अ‍ॅसिटानिलाइडचं ब्रोमिनीकरण बघ. जुनी पद्धत म्हणजे अ‍ॅसिटिक आम्लात द्रव ब्रोमीन. त्याच्या वाफा, त्याने होणाऱ्या जखमा, सगळे टरकून असतात. ‘हरित’ प्रयोग म्हणून आता पोटॅशियम ब्रोमाइड आणि सेरिक अमोनियम नायट्रेट, तेही इथेनॉल-पाण्यात, असं शिकवलं जातं. ब्रोमीनची बाटली गेली, फार चांगलं झालं. पण सेरियम एका वेळी एकच इलेक्ट्रॉन घेतो, आणि इथे दोन काढायचे आहेत. म्हणजे एक मोल उत्पादनाला दोन मोल सेरिक लवण. त्याचं रेणुभार ५४८. २१४ ग्रॅम ब्रोमोअ‍ॅसिटानिलाइडसाठी किलोभराहून जास्त सेरियम लवण संपतं! अणू-काटकसरीच्या कसोटीवर ही ‘हरित’ पद्धत साफ झोपते. मग चांगली कुठली? हातात चंबू धरणाऱ्या विद्यार्थ्यासाठी दुसरी, शंकाच नाही. टनावारी उत्पादन करायचं तर मी दोन्ही नाकारेन आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने ब्रोमीन जागच्या जागी तयार करता येईल का ते बघेन.

आयबुप्रोफेन या वेदनाशामकाचंही तसंच. प्रत्येक पुस्तकात दिलेलं असतं की बूट्स कंपनीची जुनी पद्धत सहा टप्प्यांची, अणू-काटकसर ४० टक्के. नंतरची बीएचसी पद्धत तीन टप्प्यांची, ७७ टक्के, १९९७ चा पुरस्कार. त्या नव्या पद्धतीत पहिल्या टप्प्याला निर्जल हायड्रोजन फ्लोराइड लागतो, हे किती जणांच्या लक्षात राहतं? अत्यंत घातक पदार्थ. तो जवळजवळ सगळा परत मिळवून पुन्हा वापरतात, म्हणून ताळेबंद जमतो. एखाद्या कोर्सने तुला आयबुप्रोफेन शिकवलं आणि हायड्रोजन फ्लोराइडचा उल्लेखच टाळला, तर तो कोर्स कसा आहे ते समजून घे.

आता ठिकाणं. मोफत आणि लगेच हाताशी येणारं आधी. जॉन वॉर्नर आणि एमी कॅनन यांनी २००७ साली ‘बियाँड बिनाइन’ ही संस्था काढली. तिने अमेरिकन केमिकल सोसायटीच्या ग्रीन केमिस्ट्री इन्स्टिट्यूटबरोबर ‘ग्रीन केमिस्ट्री टीचिंग अँड लर्निंग कम्युनिटी’ हा मंच उभा केलाय. तिथे प्रयोग, पाठ, उदाहरणं खुली मिळतात. ती शिक्षकांसाठी लिहिलेली आहेत म्हणून बिचकू नकोस, उलट शिक्षकाच्या टिपांतच खरी माहिती असते. त्याच इन्स्टिट्यूटचं औषध कंपन्यांबरोबरचं एक व्यासपीठ २००५ पासून चालू आहे. त्यांनी तयार केलेला ‘प्रोसेस मास इंटेन्सिटी’चा, म्हणजे पीएमआयचा (एक किलो उत्पादनामागे एकूण किती किलो माल आत गेला त्याचा) गणक उतरवून घे. औषध कंपन्यांत ई-फॅक्टरपेक्षा हाच आकडा जास्त चालतो; गणित सोपं, ई-फॅक्टर अधिक एक. द्रावकांसाठी २०१६ साली प्रसिद्ध झालेला ‘केम२१’ तक्ता वाच, आणि निर्णयाबरोबर तो कुठल्या निकषांवर घेतलाय तेही वाच. सगळ्यात जास्त मात्र त्या ‘ग्रीन केमिस्ट्री चॅलेंज’ पुरस्कारांचे सारांश वाच. १९९६ पासूनचे आहेत, प्रत्येक पान-दोन पानांचा. कुठल्याही कोर्सपेक्षा त्यातून जास्त शिकशील, कारण तिथे जुनी पद्धत, नवी पद्धत आणि दोन्हींतला फरक आकड्यांत असतो.

नावाच्या पदव्यांपैकी ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठाचा हरित रसायनशास्त्राचा मास्टर्स जुना आणि भक्कम, प्रयोगशाळेत भरपूर काम करून घेणारा. जर्मनीतल्या ल्यूनेबर्गच्या लॉयफाना विद्यापीठाचा शाश्वत रसायनशास्त्राचा मास्टर्स नोकरी सांभाळून करणाऱ्यांसाठी आखलेला आहे. तो आत्ता तुझ्यासाठी नाही, पाच वर्षांनी असेल. युरोपातल्या इरास्मस मुंडस संयुक्त पदव्यांकडेही नजर ठेव. दोन-तीन देशांत शिकायला मिळतं आणि शिष्यवृत्त्या असतात. आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची हरित रसायनशास्त्राची उन्हाळी शाळा पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी असते आणि अनेकदा वेनिसमध्ये भरलेली आहे. म्हणजे तुला आणखी वर्ष-दोन वर्षांनी. अर्ज करण्याआधी पात्रतेच्या अटी नीट वाच, काही उन्हाळी शाळा ठरावीक खंडांतल्या विद्यार्थ्यांनाच घेतात.

या यादीपेक्षा जास्त उपयोगाची गोष्ट वेगळीच आहे. या क्षेत्रातलं उत्तम काम करणाऱ्या कितीतरी गटांच्या पाटीवर ‘हरित’ हा शब्दच नसतो. तू तोच शब्द टाकून शोधत बसलीस तर ते तुला दिसणारच नाहीत. त्याऐवजी जैवउत्प्रेरण, म्हणजे एन्झाइमांकडून अभिक्रिया घडवणं, शोध. फ्रान्सिस अर्नॉल्ड यांना २०१८ साली नोबेल मिळालं ते एन्झाइमांच्या निर्देशित उत्क्रांतीसाठी, आणि सिटाग्लिप्टिनचं ते एन्झाइम याच तंत्राने घडवलेलं. सेंद्रिय उत्प्रेरण, म्हणजे धातूऐवजी लहान सेंद्रिय रेणू उत्प्रेरक म्हणून वापरणं, शोध. त्याचं नोबेल २०२१ साली बेन्यामिन लिस्ट आणि डेव्हिड मॅकमिलन यांना. विद्युत-संश्लेषण शोध, चंबूऐवजी वाहत्या नळीत अभिक्रिया घडवणारी फ्लो केमिस्ट्री शोध, द्रावकाशिवाय दळून अभिक्रिया घडवणारी मेकॅनोकेमिस्ट्री शोध. यातला एखादा गट तुझ्या आवाक्यातल्या विद्यापीठात असण्याची शक्यता बरीच आहे. म्हणून तुझ्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर: ऑरगॅनिक किंवा उत्प्रेरणाचा मास्टर्स, अशा एखाद्या गटात प्रबंध, आणि जोडीला विषशास्त्र. यॉर्कसारखी जागा आणि पैशांची सोय दोन्ही जमत असेल तर खुशाल जा. पण गावोगावी नव्याने निघालेल्या ‘शाश्वतता’ पदव्यांत जिथे प्रयोगशाळेचे तास नाममात्र आहेत आणि धोरण-अहवालांचेच पेपर जास्त, तिथे जाऊ नकोस. दोन वर्षांनी ना रसायनशास्त्रज्ञ राहशील ना धोरणतज्ज्ञ होशील.

नोकरीचं थोडक्यात. ‘हरित रसायनशास्त्रज्ञ पाहिजे’ अशी जाहिरात क्वचितच दिसेल. प्रोसेस डेव्हलपमेंट, फॉर्म्युलेशन, द्रावकांची पुनर्प्राप्ती, नियामक विभाग अशी त्या जागांची नावं असतात. रसायनांच्या नोंदणीचा आणि नियंत्रणाचा युरोपचा रीच कायदा २००७ पासून लागू आहे, आणि पीएफएएस म्हणजे ‘कायमस्वरूपी रसायनां’ना पर्याय शोधण्याची धडपड सगळीकडे चालू आहे. रेणूही कळतो आणि त्याचा धोकाही वाचता येतो, अशा माणसाची तिथे गरज पडते.

उरलं एवढंच, की विभागात कुणी नाही तर सुरुवात कोणाच्या दारातून करायची. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प अजून ठरला नसेल तर ऑरगॅनिक शिकवणाऱ्या सरांकडे किंवा मॅडमकडे जा. ‘मला हरित रसायनशास्त्रात काहीतरी करायचंय’ असं मोघम बोलू नकोस. अभ्यासक्रमातले तीन प्रयोग निवड, आत्ताचे ई-फॅक्टर काढून ने, आणि विचार: ‘यातल्या एका प्रयोगात अ‍ॅनहायड्राइड निम्म्यावर आणून आणि द्रावक बदलून उत्पादन टिकतं का, एवढंच बघू का?’ महागडं काही लागत नाही, सुरक्षेचा प्रश्न वाढत नाही, आणि पुढच्या वर्षीपासून विभागाचा रसायनांवरचा खर्चही कमी होतो. नाही म्हणायला कारण उरत नाही. बाहेरच्या गटांना मेल पाठवशील तेव्हा प्रमाणपत्रं जोडू नकोस, या प्रकल्पाचं एक पानी कोष्टक जोड. त्यात उत्पादन घटलं असेल तर तेही लिही, आणि का घटलं असावं याचा तुझा अंदाज त्याखाली दे.